गिटारच्या पोटातला हात

माझा हात लहान आहे. लग्नात बांगड्या भरायला आलेल्या कासारणीने माझा पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाई, हा अजून वाढायचा राहिलाय." तो काही वाढला नाही. पण त्याच हाताने मला धंद्याला लावलं, आणि आज देवळाली कॅम्पच्या बाजारात गिटार दुरुस्तीचं दुकान मी चालवते ते त्याच्या जोरावर. लोक पायरीशी येतात, आत डोकावतात आणि मला विचारतात, "मालक आहेत का?" मी म्हणते, "आहेत, बसा." मग हातातलं काम खाली ठेवते, खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, "बोला." कुणाला हसू येतं, कुणी आपली गिटार जरा घट्ट धरून बसतं.

दुकान मुळात माझ्या यजमानांचं. सगळा कॅम्प त्यांना मिस्त्री म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. नवऱ्याला चारचौघांत हाक काय मारायची हा आमच्या वेळच्या बायकांचा मोठा प्रश्न, माझा तो असा सुटला. मिस्त्रींचं मूळ काम हार्मोनियमचं. भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या, त्यांचे भाते, सूर, पट्ट्या ते बसवायचे. पुढे लष्करी क्वार्टर्समधली पोरं गिटारी घेऊन यायला लागली. मिस्त्री कुणाला नाही म्हणायचे नाहीत. लाकूड आहे ना, मग होईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण पेटी उघडता येते, गिटार उघडता येत नाही. चारी बाजूंनी बंद, आणि पोटात शिरायला एकच वाट, मधलं गोल तोंड. मिस्त्रींचा पंजा सुताराचा. पहिल्याच गिटारीत त्यांनी तो कसाबसा घातला आणि तो आतच अडकला. मी साबणाचं पाणी करून ओतलं तेव्हा निघाला. हात पुसत ते माझ्या हाताकडे बघत बसले. मी गवार मोडत होते. म्हणाले, "सुमन, बांगड्या काढ." मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून एक कारागीर झालो. ते बाहेर, मी आत. गिटारच्या पुढच्या फळीला आतल्या बाजूने लाकडाच्या बारीक पट्ट्या असतात, तिला ताकद देणाऱ्या. कुठली पट्टी सुटली, कुठे फळी चिरली, हे डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी शोधावं लागतं. मिस्त्री वरून नखाने टिचकी मारायचे: इथे. मी आत बोट सरकवत तिथे पोचायचे आणि आतून टिचकी मारायचे: आले. मग ते वरून अंगठ्याने दाबायचे, मी खालून लाकडाची चकती लावून दाबून धरायचे, आणि सरस, तो तापवून लावायचा गोंद, धरेपर्यंत दोघांनीही हलायचं नाही. ती फळी शाळेच्या पाटीपेक्षाही पातळ असते. अलीकडे त्यांचा अंगठा, पलीकडे माझं बोट. त्या वेळात आमच्या संसारातली निम्मी बोलणी झाली असतील. पोरीचं लग्न आम्ही एका जुन्या गिटारीवर ठरवलं, त्यांचा माझा एकेक हात गुंतलेला असताना, कारण तेव्हा कुणालाच उठून जाता येत नव्हतं.

आता हे धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भेग टाचेला पडते, तडा काचेला जातो, गिटारला पडते ती चीर. लाकूड कापलं, रंधलं, रंगवलं तरी ते हवेतलं पाणी पीत राहतं आणि सोडत राहतं. आमच्या नाशिककडचा उन्हाळा कोरडा. समुद्राकाठच्या दमट गावात तयार झालेली गिटार इकडे येते, एप्रिल-मे महिन्यात तिच्यातलं पाणी निघून जातं, फळी आक्रसते. कडेने चिकटवलेली, त्यामुळे तिला आत सरकायला जागा नसते. वरून सहा तारांची ओढ, म्हणजे एखादा धट्टाकट्टा माणूस तिला लोंबकळतोय असं समजा. मग एखाद्या दुपारी घरात 'टक्' असा आवाज होतो. घरच्यांना वाटतं पाल पडली. संध्याकाळी गिटार उचलली की चीर दिसते.

इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. चीर भरायची नसते, मिटू द्यायची असते. गिटार बंद खोक्यात ठेवायची, जवळ ओला स्पंज, आणि वाट पाहायची. लाकूड हळूहळू पाणी पितं, फुगतं, आणि चिरेचे दोन ओठ आपण होऊन जवळ येतात. ते जवळ आले की मग सरस, मग आतून चकत्या. एवढंच माझं शास्त्र. पण वाट पाहायची म्हटलं की माणसाला धीर धरवत नाही. फट दिसली की हात शिवशिवतात, आणि घरात जे सापडेल ते माणूस तिच्यात कोंबतो. लाकूड कोरडं असताना फट कडक वस्तूने भरली की तिची पाचर होते. पुढे हवा दमट झाली, लाकूड फुगलं, की त्या पाचरीमुळे ओठ मिटत नाहीत, आणि चीर पुढे पळते.

देवळा गावच्या एका कांदेवाल्याच्या मुलाने आपल्या गिटारीच्या चिरेत ट्रॅक्टरची टाकी गळते तेव्हा लावतात तो दोन रंगांचा लगदा भरला होता. वर टाकीसारखाच लाल रंगही मारला होता. गिटार माझ्या टेबलावर ठेवून तो अभिमानाने म्हणाला, "काकू, चीर पक्की बुजवलीय, लय मजबूत. आता फुटायची नाय." मी विचारलं, मग आणलीस कशाला? तो जरा घुटमळला. "वाजत नाय ना पयल्यासारखी." मी बोटाने ठोकून पाहिलं, पाटावर ठोकावं तसा आवाज आला. मी म्हटलं, बाळा, तू हिचं बोलणंच बंद केलंयस. तो लगदा काढायचा तर लाकूड सोबत निघणार होतं. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या मग, शेतात नेतो, पाखरं तरी उडतील."

कॉलेजची मुलं आणतात त्या गिटारींत झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा असतो. कुठल्याशा व्हिडिओत दाखवतात म्हणे. एक मुलगी आली तेव्हा तिची दोन बोटंही एकमेकांना चिकटलेली. आधी बोटं सोडवली, मग चहा दिला, मग गिटारकडे पाहिलं. कुणी नेलपॉलिश लावतं, कुणी मेणबत्तीचं मेण ओततं. एका गृहस्थांनी आगपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या, गुलासकट. मी त्यांना म्हटलं, गुल तरी मोडायचा हो.

आणि मनमाडचे गायकवाड अंकल. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. त्यांची गिटार फार जुनी, अशा लाकडाची की आता मिळायचं नाही. दुकानात शिरल्याबरोबर देवळात नारळ फुटल्याचा वास आला. अंकलनी चीर पडल्यापासून रोज सकाळी तिच्यात खोबरेल सोडलं होतं. "बाई, लाकूड सुकलंय म्हणून चिरलं ना? मग तेलच नको का त्याला? मी माझ्या गुडघ्याला लावतो, उरलेलं तिला लावतो." इतक्या मायेने लावलेलं तेल. पण तेल प्यालेल्या लाकडाला सरस धरत नाही. मी पुसलं, खडू घासला, उन्हात न ठेवता वाऱ्यावर ठेवलं, मला येत होतं ते सगळं केलं. चकती लावायची, दुसऱ्या दिवशी ती आत खळकन पडायची. शेवटी मी हात टेकले. अंकल गिटार घ्यायला आले, त्यांनी ती हलवून पाहिली, आत सुटी चकती वाजली. "असू दे," म्हणाले, "माझे गुडघेपण असेच वाजतात." ते हसले, मी हसले, पण ती गिटार आठवली की अजून वाईट वाटतं. मिस्त्री असते तर त्यांनी काहीतरी काढलं असतं, असं मला उगाच वाटत राहतं.

मिस्त्री गेले त्याला आता काही वर्षं झाली. दुकान बंद करावं असं सगळ्यांनी सांगितलं, लेकीने तर सामान बांधायला खोकीही आणली. मी म्हटलं, हाताला आलेली ही एक गिटार तेवढी संपवते. ती संपेपर्यंत दुसरी आली होती. आतलं काम मला येतच होतं, बाहेरचंही पाहून पाहून आलं होतं. अडत होतं ते एकच. दोन्हीकडून धरायचं कसं?

त्याला उपाय लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधले, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधले लहान जोरकस चुंबक मिळतात. एक चकतीला लावून आत सोडायचा, दुसरा वर ठेवायचा. फळीच्या दोन बाजूंनी ते एकमेकांना असे पकडतात की सोडवताना जोर लावावा लागतो. काम नीट होतं, मिस्त्रींपेक्षाही नीट होत असेल. चुंबकाला कंटाळा येत नाही, त्याला चहा लागत नाही, तो मध्येच "अगं, गॅस बंद केलास का?" असं विचारत नाही. फक्त मला एक सवय राहून गेली. आत हात घातला आणि जागेवर पोचले की बोट आपोआप टिचकी मारतं: आले. मग माझं मलाच लक्षात येतं, आणि मी पुढच्या कामाला लागते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या टळटळीत दुपारी, एक तरुण बाई चादरीत गुंडाळलेली गिटार दोन्ही हातांवर आडवी घेऊन आली. आजारी मूल आणावं तशी. नाव वैशाली. नवरा तोफखान्यात जवान, सध्या सीमेवर, आणि ही इथल्या क्वार्टरमध्ये एकटी. माहेर सटाण्याकडचं, ते तिच्या बोलण्यात लगेच कळायचं. एरवी आपल्यासारखं बोलायची आणि घाबरली की अहिराणीत शिरायची.

"मिस्त्री शेत का?" तिने विचारलं, म्हणजे आहेत का.

"मीच. दाखव."

चादर सोडली. गोल तोंडापासून खाली, तारा अडकवतात त्या पट्टीपर्यंत चीर गेली होती. आणि तिच्यात काहीतरी राखाडी-पांढरं भरलेलं, दगडासारखं वाळलेलं, मध्ये काळे ठिपके. मी नखाने खरवडलं. ओळखू येईना. वास घेतला.

"हा तर पापडाचा वास आहे."

तिने मान खाली घातली. "उडदाचं पीठ आहे मावशी. आमच्याकडे भाकरी थापायची लाकडाची काठवट असते ना, ती तडकली की आजी उडदाचं पीठ घट्ट भिजवून भरायची. आजीची काठवट अजून चालू आहे. मला वाटलं, हेपण लाकूडच."

मी इतक्या वर्षांत गिटारीत काय काय पाहिलं, पण पापडाचं पीठ पहिल्यांदाच. मला हसू आवरेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

हळूहळू सगळं कळलं. जाताना नवऱ्याने गिटार सुरात लावून भिंतीवर टांगली होती आणि बजावलं होतं, "तारा सैल करू नको, आलो की पहिलं हीच घेणार." हिने तारेला हात लावला नाही. महिनोन् महिने ती ओढ तशीच. उन्हाळ्यात बारीक चीर पडली, हिने पीठ भरलं, ते छान बसलं. मग उकाडा वाढला म्हणून हिने खोलीत वाळ्याचा कूलर लावला. थंडगार ओली हवा थेट गिटारीवर. लाकूड फुगलं, पिठाची पाचर मध्ये अडली, आणि चीर एका दिवसात वीतभर पुढे पळाली. आतली एक पट्टीही सुटली होती.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. रोज व्हिडिओ कॉल करतात. गिटार दाखव म्हणतात, मी लांबून दाखवते. रेंज नाही म्हणते." ती थांबली. मग म्हणाली, "मावशी, मला गिटारचं काही नाही. ते रागवायचेपण नाहीत. पण आमच्याकडे माणूस वाटेवर असताना त्याची वस्तू तडकली तर चांगलं समजत नाहीत. त्यांना सुट्टी मिळाली आहे. ते निघायच्या आत ही मिटली पाहिजे. सासूला सांगता येत नाही, आईला सांगता येत नाही. व्हई जाई का वं मावशी?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. तिला सांगितलंही, की लाकूड सुकलं म्हणून चिरलं, त्याला कुणाच्या जाण्यायेण्याचं काय कळतंय? ती हो हो म्हणाली. पण ती माझ्या तोंडाकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला ओळखीची होती. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून डॉक्टरच्या तोंडाकडे मी तशीच बघत होते. तेव्हा मीही काही मानत नव्हते, आणि तरी मिस्त्रींचा रंधा त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला होता.

"होईल," मी म्हटलं. "पण घाई करायची नाही. माझं ऐकायचं."

तारा उतरवल्या. पहिलं बरं हे निघालं की उडदाचं पीठ पाण्याने सुटतं. बाजारातले गोंद लाकूड घेऊन निघतात, हे मात्र ओल्या फडक्याने, दाताच्या जुन्या ब्रशने, थोडं थोडं करत सगळं निघालं. मी वैशालीला म्हटलं, तुझ्या आजीने पिठात चुना घातला नाही हे आपलं नशीब, नाहीतर हे कधीच सुटलं नसतं. मग गिटार खोक्यात. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज, ती डबी गिटारच्या पोटात, आणि झाकण बंद.

तिला वाटलं होतं आता मी काहीतरी करीन. मी हात धुतले आणि चहा ठेवला.

"आता?"

"आता वाट पाहायची."

"तेच तर करतेय मी," ती म्हणाली.

तिला घरी चैन पडेना. रोज दुपारी यायची. मेथीची जुडी नाहीतर लसूण घेऊन यायची आणि माझ्या दुकानात बसून निवडायची. गिऱ्हाइकांना वाटायचं माझी सून आहे. मग आम्ही रोजचा एक खेळ करायचो. शटर अर्धं खाली ओढायचं, पुढे जुनी चादर टांगायची, आणि गिटारच्या पोटात छोटा दिवा सोडायचा. अंधारात ती चीर उजेडाच्या रेघेसारखी दिसते. पहिल्या दिवशी रेघ चांगली जाड होती. वैशालीने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या खेपेला मला बारीक वाटली, तिला वाटली नाही. मग एके दिवशी खालच्या टोकाशी रेघ संपलेली होती, तिथे नुसतं काळं लाकूड होतं. "मावशी, मिटतेय," ती इतकी हळू म्हणाली, जसं काही मोठ्याने बोललं तर पुन्हा उघडेल.

नेमका तेव्हा तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिने घाईत उचलला आणि चेहऱ्याशी धरला.

"एवढा अंधार का गं?" नवऱ्याचा आवाज आला. "लाईट गेली का?"

"हो, लाईट गेली."

"मग मागून उजेड कसला येतोय?"

"मावशींकडे आलेय. बॅटरी लावलीय."

"कोण मावशी?"

ती अडखळली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पापड करायला आलेय."

मी तोंडात पदर कोंबला. तिकडून तो म्हणाला, "अंधारात पापड करता?" आणि मग लगेच, "माझ्यासाठी ठेव हां. निघतोच आहे आता." फोन बंद झाल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा चपलांचा दुकानदार चादर बाजूला करून बघून गेला. हसता हसता ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. माझं माणूस निघालंय, येतंय, असा फोन मला येणार नव्हता, आणि त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. ती भीतीसुद्धा मला हवी होती. ज्याची वाट बघायची असा कुणीतरी असल्याशिवाय भीती कुठून असणार?

पुढचं आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहील. तो आला, सुखरूप आला. हिने त्याला त्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं, पिठासकट. दोघं दुकानात आले, तो उंच, मिशीवाला, वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "पापडवाल्या मावशी तुम्हीच ना?" त्याने गिटार वाजवून दाखवली. सुट्टी संपून परत गेला तेव्हा त्याने स्वतः तारा सैल केल्या. हे सगळं झालं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, सरस लावला त्या दुपारचं.

दिवा सोडला तर रेघ कुठेच दिसत नव्हती. चीर मिटली होती. मी सरस पाण्यात बसवून तापवला, बोटाने चोळत चिरेत जिरवला, वरचा पुसून घेतला. आता आतून चकत्या. पहिल्या चकत्या चुंबकांनी झकास धरल्या. शेवटची जागा अवघड होती. तिथे ती सुटलेली पट्टी होती, आणि चिरेचा एक ओठ दुसऱ्यापेक्षा केसभर वर आला होता. चुंबक ठेवला की पट्टीमुळे सरकायचा. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. सरस थंड होत चालला होता, आणि एकदा तो थिजला की सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. तिच्या नवऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती.

हे काम माणसाचं होतं. आतून एकाने धरायचं, बाहेरून एकाने.

"वैशाली, लसूण ठेव. हात पूस. इकडे ये."

ती आली. मी तिचा अंगठा धरून फळीवर ठेवला, चिरेवर बरोबर. "इथे. मी सांगेन तेव्हा दाबायचं, आणि मग हलायचं नाही." "मन्हा हाततीन बिघडी जाई मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याच हाताने भरलं होतंस ना, आता तुझ्याच हाताने मिटव.

मी चकतीला सरस लावला, बांगड्या वर सरकवल्या आणि हात आत घातला. आत नेहमीसारखाच अंधार, जुन्या लाकडाचा वास, त्यात किंचित उडदाचा. पट्टी चाचपली, तिच्या कडेने बोट सरकवत गेले, जागा सापडली. चकती टेकवली. आणि माझ्या बोटाने नेहमीप्रमाणे, मला न विचारता, आतून टिचकी मारली.

मी तिला "दाब" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

वरून टिचकी आली.

हलकीशी, नखाची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आतून कुणी ठोकलं म्हणून तिने बाहेरून ठोकलं, एवढंच. घराचं दार वाजलं की माणूस ओ देतो तसं. मग तिने स्वतःहूनच अंगठा दाबला आणि फळी माझ्या बोटावर हळूच टेकली. लाकडातून माणसाची ऊब येत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या कामानंतर माहीत आहे. तरी त्या दिवशी ती आली असं मी इथे लिहिते, कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

सरस धरेपर्यंत हात हलवायचा नसतो, त्यामुळे मला डोळे पुसता आले नाहीत. बाहेर बस थांबली, माणसं उतरली, निघून गेली. चपलांच्या दुकानात कुणीतरी भाव पाडून मागत होतं. वैशाली मन लावून अंगठ्याकडे बघत उभी होती, ओठ घट्ट मिटून, आपण जरा ढिलाई केली तर तिकडे दूर कुठेतरी काहीतरी होईल अशी. मी खालून धरून होते. मधे पाटीपेक्षाही पातळ लाकूड.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मावशी, सोडू का आता?"

सरस केव्हाच धरला होता.

"थांब जरा," मी म्हटलं.